पाइनच्या टेबलटॉपवर अक्रोड स्टेन चट्ट्याचट्ट्यांनी बसलाय

ऐरोलीकर
पाइनचा टॉप, ४ फूट बाय अडीच. १२० नंबरचा पॉलिश पेपर मारून टर्पेंटाइनवर चालणारा अक्रोड स्टेन फडक्याने लावला. मधे काळपट ढग, कापलेल्या टोकांना जवळपास काळं आणि जोडापाशी दोन फिकट ठिपके. अजून एक हात मारला तर सारखं होईल का?

रंधा
नाही, फरक अजून उठून दिसेल. पाइनचा मऊ भाग स्टेन पितो, राळेचा घट्ट भाग पीत नाही. आडव्या कापाला तंतूंची तोंडं उघडी, म्हणून टोकं काळी. फिकट ठिपके बहुतेक फेव्हिकॉलचे.

टर्पेंटाइनने निघेल तेवढा स्टेन पुसा. सुकल्यावर १२०, १५०, १८० अशा क्रमाने रेषांच्या दिशेनेच घासा. टॉप १८० वर थांबवा, टोकं मात्र ३२० पर्यंत न्या. मग ओलं फडकं फिरवा: गोंद राहिला असेल तिथे लाकूड फिकटच दिसेल, तेवढं पटाशीने खरवडा. वाळल्यावर उभे राहिलेले तंतू १८० ने हलकेच कापा.

आता खरं काम: स्टेनच्या आधी लाखेचा पातळ हात, म्हणजे लाकूड कुठेच जास्त पिणार नाही. १ लिटर पॉलिशच्या स्पिरिटात १०० ग्रॅम चपडा (लाखेच्या पापड्या) रात्रभर भिजवून गाळा. टॉपला एक हात, टोकांना दोन. दोनेक तासांनी ३२० चा पेपर नुसता फिरवा, मग स्टेन. रंग थोडा फिकट येईल, ते चालवून घ्या. वर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारणार असाल तर चपडा मेण काढलेलाच हवा, नाहीतर थर सुटतो.

वाशी_पॉलिश
एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरचा स्टेन असता तर हा उपाय फसला असता, त्या थिनरने लाख उचलली जाते. तसा स्टेन गनने पातळ फवारायचा, पुसायचा नाही.

आणि पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत तेलाचा स्टेन वाळायला दोन दिवस द्या. ओल्यावर लॅकर मारलं की धरत नाही. लॅकर पांढुरकं पडलं तर ती हवेतली ओल. रिटार्डर (हळू उडणारं) थिनर वापरा.

ऐरोलीकर
एवढ्या टॉपवर मधे सांधा न दिसता स्टेन कसा लावायचा?

रंधा
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साधारण ८ इंचांचा पट्टा. लगेच शेजारचा, आधीचा ओला असतानाच. ३ मिनिटांत कोरड्या फडक्याने रेषेत पुसा. पंखा बंद. आधी टॉपच्या खालच्या बाजूला करून बघा. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.