मदत हवी आहे : सुइका गेममध्ये दुसरे कलिंगड कसे जुळवावे?

निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवरील सुइका गेममध्ये डब्यात फळे टाकायची असतात आणि दोन सारखी फळे एकमेकांना टेकली की त्यांचे पुढचे मोठे फळ बनते. चेरीपासून कलिंगडापर्यंत अशी ११ फळांची साखळी असून खेळाडूच्या हाती त्यांतील पहिली पाच लहान फळेच येतात. पहिले कलिंगड मला बहुतेक डावांत जमते. मात्र त्यानंतर ते डब्याची बरीचशी रुंदी व्यापते आणि चेरी, स्ट्रॉबेरी मोठ्या फळांच्या फटींत अडकून राहतात. मोठी फळे एका कोपऱ्यात ठेवून आकारानुसार उतरती रांग लावणे आणि पुढचे फळ पाहून चाल ठरवणे, हे दोन्ही उपाय करून पाहिले. परंतु फळे एकत्र होताना बसणाऱ्या धक्क्याने रांग विस्कटते, आणि खरी अडचण तीच आहे. डबा हलवण्याची किंवा चाल मागे घेण्याची सोय असलेले प्रकार मला नकोत. अशा वेळी पहिले कलिंगड कोपऱ्यात दाबून ठेवावे की मध्यभागी राहू द्यावे, आणि त्याच्याखालची चेरी नेमकी कशी सोडवावी?