गिटारच्या ब्रिजचे स्क्रू सारखे सैल पडतात. थ्रेडलॉकर (आटे जागेवर धरून ठेवणारा द्रव) लावू का?

निषाद_२२:
स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची गिटार, सहा स्क्रूंचा ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने झुकणारा ब्रिज. पहिल्या दोन तारांच्या सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचे) उंचीचे स्क्रू वाजवता वाजवता आपोआप फिरतात, सॅडल खाली बसतं आणि तार वरच्या फ्रेटांवर झणझणते. शिवाय ब्रिज बॉडीला धरणाऱ्या स्क्रूंपैकी मधला एक नुसताच फिरतो, आवळला जात नाही. थ्रेडलॉकरने दोन्ही कामं होतील का?

बारीक आटा:
नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. थ्रेडलॉकर धातूला धातू भिडून मधली हवा तुटली की घट्ट होतो. लाकडात तो नुसता ओला राहील.

आधी सॅडल बघा. तिथला स्क्रू मुख्यतः तारेच्या दाबाने जागेवर राहतो. सॅडल तिरकं असेल तर सगळा भार एका स्क्रूवर येतो आणि दुसरा मोकळा फिरत बसतो. दोन्ही स्क्रूंच्या टोकाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. जिथे ती सहज शिरते तो स्क्रू टेकलेलाच नाही. सॅडल खूप वर असेल आणि दोन-तीनच आटे धरून असतील तर लांब स्क्रू घाला, ८ ऐवजी १० मिमी. मात्र तो वर आला तर तळहाताला टोचतो.

एवढं करूनही फिरलाच तर जांभळा थ्रेडलॉकर, म्हणजे लॉकटाइट २२२. तार सैल करा, स्क्रू काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा, टाचणीच्या टोकाने दोन-तीन आट्यांना अगदी थोडा लावा, उंची लावून २४ तास हात लावू नका. लाल अजिबात नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. रंगावर आणि प्लॅस्टिकवर थेंब पडू देऊ नका.

निषाद_२२:
ॲलन की (षटकोनी किल्ली) सॅडलच्या स्क्रूत घसरते. स्क्रू गेला म्हणायचा का?

तारकस:
आधी माप बघा. एम३ (३ मिमी जाडीच्या) स्क्रूला १.५ मिमीची की लागते, अमेरिकन फेंडरच्या बऱ्याच सॅडलना ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी. ही दुसरी की १.५ च्या खाचेत जाते, पण फिरवली की कोपरे खाते. कोपरे गोल झाले असतील तर स्क्रूच बदला.

नेलपॉलिशही चालतं, फक्त पूर्ण वाळल्यावर तार चढवा. सुपरग्लू नको.

खुंटी:
आता लाकडाचं. काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून कोंबणं पिकगार्डच्या (बॉडीवरच्या पातळ पट्टीच्या) स्क्रूला ठीक. इथे तारांचा ताण येतो, ०.०१० च्या (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाड) तारांच्या संचाचा एकूण साधारण ४५ किलो. तेव्हा भोकात लाकडी खुंटीच घाला (तार पिळायची खुंटी नव्हे).

तारा आणि मागच्या स्प्रिंगा काढा, ब्रिज उचला. ड्रिलच्या बिटला स्क्रूच्या खोलीइतक्या अंतरावर मास्किंग टेप गुंडाळा, ६ मिमीचं भोक सरळ पाडा. मेपलसारख्या कडक लाकडाची खुंटी पांढऱ्या गोंदाने ठोका, वर आलेला भाग कापून सपाट करा, रात्रभर वाळू द्या. मग ब्रिज बाकीच्या स्क्रूंवर बसवून त्याच्याच भोकातून मध्य टोचा. हे नजरेने करू नका, केंद्र चुकलं तर स्क्रू ब्रिजला ओढून धरतो आणि ट्रेमोलो अडकतो. नेहमीच्या ३.५ मिमी स्क्रूला २.५ ते २.८ मिमीचं भोक पुरे. आट्यांना मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

एकापेक्षा जास्त स्क्रू गेले असतील तर एकेक करा, म्हणजे उरलेल्या स्क्रूंवरून ब्रिजची जागा कळत राहते.

बारीक आटा:
एक राहिलं. ट्रेमोलो वापरत असाल तर सहाही स्क्रू करकचून आवळू नका. टोकाचे दोन स्क्रू, ब्रिज झुकू शकेल इतकेच आवळा, मधले चार त्याहून अर्धा फेरा सैल. तेव्हा मधला फिरतो म्हणून लगेच ड्रिल काढू नका. स्क्रू बोटाने वर ओढून पाहा, आटे धरत असतील तर तो जसा आहे तसाच ठेवा.