मदत हवी आहे: डाळिंबाच्या सालीची पावडर शुगरवर चालते का? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर: लवकर सांगा कुणीतरी. आईला शुगर आहे. एका व्हिडिओत बघितलं की शुगरवाल्यांच्या चरबीच्या पेशीतले मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) कमजोर पडतात आणि डाळिंबाच्या सालीनं ते परत सुधारतात. ८ दिवस झाले गच्चीवर सुपात साली वाळवतोय, मिक्सरला फिरवून आईला सकाळी १ चमचा देतोय. किती दिवस द्यायची?

बार्शीची_मावशी: साली कशाला, मेथीदाणे भिजत घाला रात्री. आमच्या ह्यांची शुगर मेथीनंच आटोक्यात आहे. आणि भात बंद, ज्वारीची भाकरी द्या.

लॅबवाला: वय, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी), गोळ्या, किडनीचा रिपोर्ट, काहीच लिहिलं नाही तुम्ही. पेशीतलं म्हणाल तर ते बरोबर आहे, मायटोकॉन्ड्रिया थकले की चरबी नीट जळत नाही, रक्तातून लिव्हर आणि स्नायूंत जाऊन बसते आणि मग इन्शुलिनला शरीर दाद देत नाही. सालीत प्युनिकॅलाजिन नावाचं द्रव्य असतं, आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन-ए हे दुसरं द्रव्य करतात आणि ते खराब मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढायला मदत करतं. पण हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात, आणि माणसांवरचं काम बरंचसं स्नायूंवर झालंय, तेही तयार युरोलिथिन देऊन. सालीची पावडर म्हणजे औषध नव्हे.

बागवाला_सांगोला: साल बाजारातली असंल तर आधी विचार करा. डाळिंबावर तेल्या रोग येऊ नये म्हणून पावसाळ्यात किती फवारे मारावे लागतात ते आम्हाला माहीत, ते सगळं सालीवरच बसतं.

अक्कलकोटचा_पुण्यात: दारुहळदीतलं बर्बेरिन घ्या, मी ४ महिने घेतोय, मस्त फरक आहे.

लॅबवाला: दादा, असं सरसकट नका सांगू. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं प्रमाण बर्बेरिननं रक्तात वाढतं.

बागवाला_सांगोला: भगव्या जातीच्या डाळिंबाची रोपं घ्यायची असतील कुणाला तर केगावला डाळिंब संशोधन केंद्रात चौकशी करा, दारावर येणाऱ्याकडून घेऊ नका.

जुळे_सोलापूरकर: रोपं नकोत हो काका. आई ६१, एचबीएवनसी ८.४, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी. व्हिडिओत सांगितलं पावडरीनंतर २ तास काही खायचं नाही म्हणून नाश्ता बंद केलाय, गोळी मात्र ८ लाच घेते. आत्ता हात थरथरतायत, घामानं ब्लाउज भिजलाय, मशीनवर शुगर ५८ आली. पावडर लागू पडली ना?

लॅबवाला: नाही!! आधी ३ चमचे साखर पाण्यात कालवून पाजा, शुद्धीवर नीट गिळत असतील तरच, नाहीतर सरळ दवाखाना गाठा. १५ मिनिटांनी परत तपासा. ग्लिमेपिराइड इन्शुलिन सोडायला लावते, पोटात काही नसलं की शुगर अशी खाली येते.

बार्शीची_मावशी: माझी मेथी राहू दे, आधी आईला बघ बाळा.

जुळे_सोलापूरकर: साखर दिली. आता ९६. थरथर थांबलीय, शेंगाचटणी-भाकरी खातेय. डॉक्टरांना फोन लावला, संध्याकाळी ६ ला बोलावलंय, पावडरीचा डबाही घेऊन जातो.