स्विंग संपताना तोल मागे जातो, फिनिशला उभं राहताच येत नाही

नवखा_गोल्फर
नमस्कार मंडळी, दीड वर्ष झालं गोल्फ खेळतोय, उजव्या हाताने. सात नंबर आयर्न हा क्लब आता बऱ्यापैकी लागतो पण स्विंग संपला की मी कधीच नीट उभा नसतो, वजन उजव्या पायावरच राहतं, कधीकधी तर एक पाऊल मागे टाकावं लागतं. मित्राने मोबाईलवर व्हिडिओ काढला तो बघून खूप वाईट वाटलं, कंबर अर्धवट वळलेली, छाती टार्गेटच्या बरीच उजवीकडे आणि उजवी टाच जमिनीला चिकटलेली. दहातले तीनचार शॉट टॉप होतात नाहीतर बॉलच्या आधी जमीनच लागते. आणि राऊंड झाला की कंबर धरते ते वेगळंच. सगळे म्हणतात फिनिश होल्ड कर, पण बॉल तर तोवर गेलेला असतो ना, मग शेवटी शरीर कसंही असलं तरी काय फरक पडतो? आणि पडत असेल तर सुधारायला सुरुवात कुठून करू?

फेअरवे_मधोमध
बॉल गेल्यावर काही बदलत नाही हे बरोबर आहे तुमचं, क्लबफेस आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात तेच मुळी सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते. पण डाउनस्विंगसुद्धा जेमतेम पाव सेकंदाचा असतो, त्यात काय चुकलं ते मारताना कळतच नाही, फिनिशला मात्र सगळं दिसतं. तुम्ही मागे पडताय म्हणजे बॉल लागतानाही वजन मागेच होतं, टॉप आणि फॅट (आधी जमीन लागणं) दोन्ही त्यातूनच येतायत, कारण वजन मागे राहिलं की स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो, मग क्लब एकतर आधी जमिनीत जातो नाहीतर वर येता येता बॉलच्या डोक्यावर लागतो.

आणि वजन मागे का राहतं, तर मला वाटतं तुम्ही बॉल उचलायला बघताय. जवळजवळ प्रत्येक नवीन माणसाचं हेच होतं, माझंही कितीतरी दिवस होत होतं. अहो सातच्या आयर्नला तीसेक अंशाचा लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा मागे कललेला कोन असतो, बॉल वर न्यायचं काम तो करतो. तुम्ही खाली मारायचं, आधी बॉल आणि मग त्याच्या पुढची माती. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, बाकीचे ड्रिल नंतर.

हळू_बॅकस्विंग
वरच्यांशी सहमत. फक्त चांगला फिनिश कसा असतो ते सांगतो, कारण होल्ड कर म्हणणारे काय होल्ड करायचं ते सांगत नाहीत. जवळजवळ सगळं वजन डाव्या पायावर, तेही टाचेकडे आणि बाहेरच्या कडेकडे. उजवा पाय नुसता बोटांवर टेकलेला, इतका हलका की उचलून जमिनीवर दोनदा आपटता आला पाहिजे, ही खरी परीक्षा. बेल्टचं बक्कल टार्गेटकडे किंवा जरा डावीकडेच, गुडघे एकमेकांजवळ, हात डाव्या खांद्याच्या वर. तीन सेकंद असं राहता आलं पाहिजे.

आता एक करा, बॉल न ठेवता आधी या पोझमध्ये जाऊन उभे राहा, डोळे मिटा, पायाखाली वजन कुठे आहे ते जाणवू द्या. मग तिथून उलटं इम्पॅक्टपर्यंत, म्हणजे बॉल लागतो त्या स्थितीपर्यंत या आणि परत जा. मग अर्ध्या ताकदीने बॉल मारा आणि त्याच पोझमध्ये पोचा, बॉल कुठे गेला ते बघूच नका. दुसरं म्हणजे स्टेप-थ्रू, मारल्या मारल्या उजवा पाय उचलून टार्गेटच्या दिशेने पुढे टाकायचा. नऊ मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकलेला गॅरी प्लेअर असाच शॉटनंतर पुढे चालत जायचा. वजन मागे असेल तर हे पाऊल टाकताच येत नाही, त्यामुळे स्वतःला फसवता येत नाही.

आणि हो, उभे राहताना डाव्या पायाचा चवडा टार्गेटकडे वीस-तीस अंश उघडा ठेवा. पाय एकदम सरळ ठेवला तर बऱ्याच जणांची कंबर मध्येच अडकते.

नवखा_गोल्फर
खूप आभार. आज स्टेप-थ्रू करून बघितलं, पहिले सातआठ बॉल पाऊल पुढे पडतच नव्हतं! मग साठ टक्के ताकदीने मारले तेव्हा जमलं, आणि बॉलनंतर डिव्हट (क्लबने उखडलेली माती) पडला, पहिल्यांदाच. एक शंका, मला शिकवताना सांगितलं होतं की डोकं शेवटपर्यंत खाली ठेवायचं. तसं ठेवलं की छाती टार्गेटकडे वळतच नाही, काय करू?

कंबर_सांभाळून
डोकं खाली धरून ठेवू नका, कळकळीने सांगतोय. मान अडवली की खांदे थांबतात, खांदे थांबले की कंबर थांबते आणि सगळा ताण पाठीच्या खालच्या भागावर येतो, तुमची कंबर धरते त्यात याचाही वाटा असू शकतो. बॉल लागेपर्यंत नजर बॉलवर, त्यानंतर उजवा खांदा हनुवटीखालून येईल तसं डोकं त्याच्याबरोबर वळू द्या. ॲनिका सोरेनस्टॅमचा स्विंग बघा, तिचं डोकं तर बॉल लागतालागताच वळायला लागतं आणि तिने दहा मेजर जिंकल्यात.

जुने फोटो बघून फिनिशची नक्कलही करू नका. 1970 च्या दशकात जॅक निकलॉस, जॉनी मिलर यांच्या फिनिशमध्ये कंबर पुढे आणि छाती मागे वाकलेली दिसते, त्याला रिव्हर्स सी म्हणतात. ते फार लवचीक लोक होते, आपल्या मणक्याला ते झेपणार नाही. आता बहुतेक कोच डावा पाय, कंबर, खांदा एका उभ्या रेषेत ठेवायला सांगतात. तरीही दुखत राहिलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, सरावाचे बॉल नंतर मारा.

हळू_बॅकस्विंग
डिव्हट पडला हे वाचून फार बरं वाटलं. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मात्र दोनतीन आठवडे बॅगेतच राहू दे. त्यात बॉल डाव्या टाचेसमोर असतो आणि क्लब वर जाताना लागलेला चालतो, त्यामुळे मागे राहायची सवय लगेच परत येते. सातच्या आयर्नने दहातले आठ फिनिश तीन सेकंद टिकले की काढा.