नाताळचा कामट्यांचा तारा घरी करायचाय, माप आणि लायटिंगचं सांगा

शेवंती_निर्मळ

नमस्कार मंडळी, आमचं गाव वसईतलं निर्मळ, पण सहा वर्षं झाली डोंबिवलीत सातव्या मजल्यावर राहतोय. लहानपणी डिसेंबर लागला की बाबा ओटीवर बांबू फोडायला बसायचे, कामट्या अशा तासायचे की वरून हात फिरवला तरी कूस लागायची नाही, मग आम्ही भावंडं खळ शिजवायचो, कागद कापायचो, आणि तारा टांगून पेटल्याशिवाय कोणी जेवायला उठायचं नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी कायम कागद चिकटवायलाच असायचे, सांगाडा ते कसा बांधायचे हे कधी नीट बघितलंच नाही, आता त्याची फार हळहळ वाटते. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि मुलगी पाच, दोघांना प्लास्टिकचा रेडिमेड तारा न देता आपल्या हाताचा करून दाखवायचाय.

तर सांगाड्याचं माप कोणाला माहीत असेल तर सांगा. लायटिंगचं पण विचारायचंय, मागच्या वर्षी स्टेशनजवळून माळ घेतली ती दुसऱ्याच दिवशी अर्धी बंद पडली आणि प्लगची पिन काळी पडून जळका वास यायला लागला, तेव्हापासून जरा भीतीच बसलीय. आणि नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, गवत पेरायचं तर कधी पेरू?

आगाशीकर

शेवंतीताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तारा मी दरवर्षी करतो, सगळं सविस्तर सांगतो, घाई करू नका.

कामट्या बुरुडाकडे मिळतील, दिवाळी होऊन गेली की कंदीलवाल्यांकडे पण उरलेल्या असतात, माहीमच्या कंदील गल्लीच्या बाजूला कोणी जाणार असेल तर तिथे विचारायला सांगा. सारख्या लांबीच्या १० कामट्या पाहिजेत, कारण तारे दोन बांधायचे असतात, एक पुढचा आणि एक मागचा, प्रत्येकाला पाच. ३ फुटांची कामटी धरा. तिच्या दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर पेन्सिलीने खूण करा, मधे साडेआठ इंच उरतात. कामट्या एकमेकींवर जिथे कापतात ती जागा हीच, खुणेवर खूण आली की तारा आपोआप सरळ होतो. ही खूण न करता नजरेने बांधायला गेलं की एक पाय लांब एक आखूड होतो आणि मग कागद कुठेच बसत नाही, नव्वद टक्के लोकांचं इथेच चुकतं. लहानमोठा करायचा असेल तर लांबीला ०.३८२ ने गुणा, टोकापासून तेवढ्यावर खूण.

बांधताना एक कामटी वरून एक खालून अशी विणत जा. दोन्ही तारे तयार झाले की एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं सुती दोऱ्याने घट्ट बांधायची, दोरा आधी ओला करून घ्या म्हणजे वाळल्यावर आवळतो. मग आतल्या पाच कापांवर दोन ताऱ्यांच्या मधे ७ इंचांच्या पाच खुंट्या अडकवायच्या. तिसरी खुंटी बसवताना कामट्या कुरकुरतात, घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसून हळूच वाकवा. पाचवी बसली की तारा पोट काढून उभा राहतो, ते बघायला मुलांना जवळ बसवाच.

कागदाचे तुकडे बरोबर २२ लागतात, पुढे ५ त्रिकोण, मागे ५, मधले पंचकोन २, आणि बाजूंचे निमुळते १०. मागचा पंचकोन तीन बाजूंनीच चिकटवा, बल्ब तिथूनच जातो आणि हवा पण खेळते. पतंगी कागद घ्या, उजेड मऊ पडतो, जिलेटिन चमकतं खरं पण त्यातून आतला बल्ब डोळ्यात घुसतो. खळ मैद्याची. आमच्याकडे झुरळं लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायचे पण ते विषारी असतं, घरात लहान मुलं आहेत तर नकोच.

फेज_न्यूट्रल

मी लायटिंगचं काम करतो म्हणून लिहितोय. ताई, पिन काळी पडली म्हणजे बहुतेक पिन सॉकेटमध्ये सैल होती, सैल कॉन्टॅक्ट गरम होतो आणि तिथूनच आग लागते. असा प्लग परत वापरायचा नाही आणि ते सॉकेट पण बदलून घ्या. अर्धी माळ बंद पडली कारण आत सिरीजचे गट असतात, एका गटातला एक एलईडी किंवा एक जोड तुटला की तो अख्खा गट जातो.

ताऱ्यात फक्त एलईडी बल्ब, ५ वॉटच्या आत. झिरोचा जुना काचेचा बल्ब नावालाच झिरो, खातो १५ वॉटच्या आसपास आणि तापतो पण, आणि ४०-६० चा तर कागदात टाकूच नका. होल्डर वायरीवर लोंबता ठेवायचा नाही, आडव्या कामटीला बांधायचा, कागदापासून चार बोटं लांब. बाल्कनीत उघड्यावर माळ सोडणार असाल तर खोक्यावर आयपी ६५ (धूळ-पाणी आत जात नाही याची खूण) लिहिलेलं बघून घ्या, आणि अॅडॉप्टर कायम घराच्या आत. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते पण एकदा बघा, मुलं आहेत घरात. रंग वॉर्म व्हाइट घ्या, पांढरा फटक उजेड पतंगी कागदाचा रंगच मारून टाकतो.

१८८२ साली न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरातल्या ख्रिसमसच्या झाडावर ८० विजेचे बल्ब लावले होते, त्याआधी लोक झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे. विजेने ती उघडी ज्योत घरातून घालवली, मग आपण स्वस्तातल्या वायरीपायी तोच धोका परत का आणायचा?

स्वाती_सदाशिवपेठ

मी ख्रिश्चन नाही, पण गवताचं वाचलं आणि राहवलं नाही, आम्ही घटस्थापनेला दरवर्षी पेरतो ना! गहू रात्रभर भिजवून, पसरट ताटलीत दोन बोटं माती घालून पेरा, आठ-दहा दिवसांत वीतभर होतो. म्हणजे तुम्ही १५ तारखेच्या आसपास पेरा. घट आम्ही घरात सावलीत ठेवतो म्हणून आमचे अंकुर पिवळे आणि उंच येतात, तुम्हाला कुरणासारखं हिरवं बुटकं पाहिजे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाल्कनीत उजेडात ठेवा आणि वाढलं की कात्रीने कापा. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी धरते.

नगरची_माई

गोव्याला नाचणी पेरतात, ती बारीक आणि दाट येते, लहान गोठ्याला जास्त शोभते. गहूसुद्धा चालेल. खडकासाठी बारदान मातीच्या पाण्यात बुडवून चुरगाळून वाळवा, विकतच्या रंगीत कागदापेक्षा कितीतरी छान दिसतं.

शेवंती, सजावटीला मुलांकडून मिठाच्या कणकेची खेळणी करून घे. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी हळूहळू घालत घट्ट मळायचं, पोळीसारखं लाटून वाटीने, झाकणाने आकार पाडायचे, दोऱ्यासाठी स्ट्रॉने भोक पाड, ते वाळल्यावर पडत नाही. दोन-तीन दिवस कडक उन्हात. तुमच्याकडची हवा दमट, मीठ पाणी धरतं, म्हणून दोन्ही बाजूंनी वार्निश मारच, नाहीतर महिन्याभरात मऊ पडतील.

आणि बाळ येशूला २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नका, गव्हाण रिकामीच दिसू दे. बाळ येशूला भेटायला येणारे तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचे आणि मुलांनी रोज थोडे पुढे सरकवायचे, ६ जानेवारीला ते गोठ्याशी पोचतात. माझी नातवंडं सकाळी दात घासायच्या आधी राजे सरकवायला पळतात. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्यो गावात गोठा मांडला तेव्हा खरा पेंढा आणि खरे बैल-गाढव होते, तेव्हा पेंढा तरी खरा आणाच, त्याचा वास घरात दरवळायला पाहिजे.

शेवंती_निर्मळ

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वातीताई, गहू आणि नाचणी दोन्ही भिजत घातलंय. दादा, सॉकेट काल बदलून घेतलं, आतली पट्टी खरंच ढिली होती.

आणि आगाशीकर दादा, तुमचं वाचून आईला फोन केला, माळ्यावर बाबांचा जुना तारा आहे का बघ म्हटलं. कागद उंदरांनी खाल्लाय, दोन टोकं सुटलीत, पण कामट्या शाबूत आहेत. त्यांचा तारा चार फुटी होता. आईला टेप लावायला सांगितली तर प्रत्येक कामटीवर टोकापासून सव्वाअठरा इंचांवर शिसपेन्सिलीची रेघ निघाली, तुमच्या ०.३८२ ने पण तेवढंच येतं ना? इथे चार फुटी मावणार नाही म्हणून आम्ही तीन फुटीच बांधतोय, पण मागचा बल्बचा होल्डर त्यांच्याच ताऱ्यातली एक कामटी कापून तिला बांधणार आहे. चौथ्या खुंटीला टोक सुटलं, मुलगा आत्ता दोरा भिजवतोय.