मदत हवी आहे: पाणी २४ फुटांवर गेलं आणि मोनोब्लॉकने पाणी सोडलं. साडेसातची मोटर घ्यावी का?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यात काळ्या खडकातली विहीर आहे. आत कडेला सिमेंटचा कट्टा, त्यावर ५ एचपी थ्री-फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच धडात). डिसेंबरात पंपाच्या मध्यापासून पाणी १४ फुटांवर होतं, तेव्हा व्यवस्थित चालायचा. आता पाणी २४ फुटांवर गेलंय. पंप सुरू केला की पाच-दहा मिनिटं बरं पाणी येतं, मग आत खडी घोळल्यासारखा आवाज सुरू होतो, धार निम्मी होते, कधी पूर्ण तुटते.

सक्शन (विहिरीतून पंपापर्यंतचा पाइप): अडीच इंची जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंड), एकूण ३६ फूट, तीन एल्बो, खाली फुटव्हॉल्व्ह (पाणी परत विहिरीत जाऊ न देणारी झडप; पाण्यात ५ फूट बुडालेला). पंपाचं सक्शनचं तोंड ३ इंची आहे, तिथे रिड्यूसर (दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा) लावलाय. डिलिव्हरी (पंपापासून पुढचा पाइप): ३ इंची पीव्हीसी, ४ किलोची (चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब सोसणारी), कपाशीच्या वावरापर्यंत ६०० फूट.

शेजारचे म्हणतात साडेसात एचपी बसवा, जोर कमी पडतोय. फिटर म्हणतो फुटव्हॉल्व्ह अजून १० फूट खाली सोडू, खोलात पाण्याचा दाब जास्त असतो, तो पाणी वर ढकलेल. मुलगा नववीत आहे, त्याचं म्हणणं की हवेचा दाब पाणी १० मीटरपर्यंत उचलतो आणि २४ फूट म्हणजे सव्वासात मीटर, मग अडचण काय? तिघांपैकी कोणाचं ऐकू?

सक्शनवाला

भाऊ, मुलगा सगळ्यात जवळ आहे. फक्त त्याने जमा धरली, खर्च धरला नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. सेंट्रिफ्यूगल पंप (तुमचा मोनोब्लॉक त्यातलाच) पाणी ओढत नाही. इम्पेलर (आतलं पात्यांचं चाक) फिरला की त्याच्या मध्याशी दाब कमी होतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा पाणी पाइपातून वर ढकलते. म्हणून सक्शनच्या बाजूला मोटरचा एचपी कितीही असो, ढकलणारी ताकद तेवढीच: हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो १०.३ मीटर पाण्याच्या खांबाइतका. (तोरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीत मोजलेले ७६ सेंटिमीटर ते हेच, पारा पाण्याच्या १३.६ पट जड.) दर १०० मीटर उंचीला साधारण १२ सेंटिमीटर कमी होतो. तुमच्याकडे १०.०५ मीटर धरा. पिंपळनेर-साक्रीच्या डोंगराकडे आणखी कमी.

आता खर्च:

पाण्याच्या वाफेचा दाब: ३० अंशाच्या पाण्याला ०.४३ मीटर.
उचल: २४ फूट म्हणजे ७.३ मीटर.
अडीच इंची पाइपातलं घर्षण: ५ एचपीचा पंप सेकंदाला साडेआठ लिटरच्या आसपास देत असेल, तर या पाइपात वेग २.६ मीटर प्रति सेकंद होतो. ३६ फुटांत सुमारे १.१५ मीटर जातात.
फुटव्हॉल्व्ह, जाळी, तीन एल्बो: मिळून दीड मीटरच्या पुढे-मागे.

बेरीज १०.४. जमा १०.०५. म्हणजे साडेआठ लिटर येऊच शकत नाही. शिवाय पंपाला स्वतःला तोंडाशी अडीच-तीन मीटर शिल्लक लागते (कंपनीच्या कर्व्हवर एनपीएसएच म्हणून दिलेली असते, पाटीवर क्वचितच). ती नसली की पाणी इम्पेलरच्या तोंडाशी तिथल्या तापमानालाच उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की फुटतात. खडीचा आवाज तो. असाच चालू ठेवलात तर इम्पेलरच्या पात्यांना आतल्या कडेला बारीक खड्डे पडतील.

डिसेंबरचा हिशेब करा: उचल ४.३ मीटर, शिल्लक सुमारे २.६५. तेव्हाही पंप काठावरच होता.

तापीचा_उतार

वरचं बरोबर, पण आवाज आणि धार तुटणं हे हवा धरल्यानेही होतं. दोन्हीचा इलाज वेगळा, म्हणून पैसे घालण्याआधी तपासा.

पंपाच्या सक्शन फ्लँजजवळ टॅपिंग असेल तर तिथे ०–७६० मिमीचा व्हॅक्यूम गेज लावा. गेज पंपाच्या मध्याच्या उंचीला हवा. १ मीटर पाणी म्हणजे ७३.५ मिमी पारा. पंप भरून सुरू करा आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करा, फक्त १५-२० सेकंद. (जास्त वेळ बंद ठेवला तर आतलं पाणी तापतं आणि ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग) जळते.) तेव्हा पाइपात वेग नाही, म्हणजे घर्षण नाही; गेजने निव्वळ उचल दाखवायला हवी: ७.३ × ७३.५, म्हणजे ५३५-५४० मिमी. त्याहून खूप कमी दाखवून काटा नाचत असेल तर कुठून तरी हवा शिरतेय. मग व्हॉल्व्ह उघडा. काटा ६५०-७०० कडे चढला तर हवा नाही, सक्शनमध्ये दाब खर्च होतोय.

गेज नसला तर: मोटर बंद करा आणि सक्शनचा प्रत्येक जोड, रिड्यूसर, ग्लँड नीट बघा. चालू असताना त्या पाइपात दाब हवेपेक्षा कमी असतो, म्हणून बारीक भोकातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. बंद झाल्यावर डिलिव्हरीत उभं राहिलेलं पाणी उलटं दाबतं आणि तेच भोक पाझरायला लागतं. जिथे थेंब दिसेल तिथे टेफलॉन टेप किंवा नवीन पॅकिंग. ग्लँडमधून चालू पंपात मिनिटाला थोडे थेंब पडलेच पाहिजेत. पूर्ण कोरडी असेल तर तिथूनच हवा जाते. (फुटव्हॉल्व्ह गळका असेल तर मात्र ही तपासणी चालत नाही, खांब लगेच उतरतो. त्याची खूण म्हणजे रोज सकाळी पंपात पाणी भरावं लागणं.)

आणि रिड्यूसर कोणता आहे? दोन्ही बाजूंनी निमुळता, मधोमध असलेला असेल तर वरच्या भागात हवेचा फुगा अडकून राहतो. एका बाजूने सपाट येतो तो घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा. आडवा पाइपही विहिरीकडून पंपाकडे सतत चढता हवा, मध्ये कुठे उंचवटा नको.

केळीबाग_रावेर

फिटरचं म्हणणं कोणीच खोडलं नाही? खोल पाण्यात दाब जास्त असतो हे तर खरंच ना?

सक्शनवाला

खरंय, दर १० मीटरला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढतो. पण फुटव्हॉल्व्ह १० फूट खाली नेला तर बाहेरच्या पाण्याचा दाब १० फुटांचा वाढतो आणि पाइपाच्या आतल्या पाण्याचा खांबही तेवढ्याच १० फुटांनी लांबतो. दोन्ही एकमेकांना कापतात. पंपाला दिसते ती फक्त विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतची उंची. उलट १० फूट पाइप वाढल्याने घर्षण अजून ३०-३५ सेंटिमीटर खाईल. म्हणजे फिटरच्या उपायाने धार आणखी कमी होईल.

विहीर रुंद असली म्हणून दाब वाढत नाही हेही त्यातच आलं. तळाशी दाब खोलीवर ठरतो, घेरावर नाही. रुंद विहिरीत पाणी हळू उतरतं एवढाच फायदा.

खोली एका कारणाने मात्र बघावी लागते. फुटव्हॉल्व्ह पाण्यात दोन-तीन फूट तरी बुडालेला हवा. कमी असेल तर वर भोवरा तयार होऊन हवा आत जाते. आणि तळापासून फूट-दीड फूट वर, नाहीतर गाळ जाळीत बसतो. ५ फूट बुडालेला आहे तो ठीक आहे.

साडेसातबद्दल: मोठा पंप जास्त पाणी मागेल, घर्षण वेगाच्या वर्गाने वाढेल, हा पाइप तसाच ठेवलात तर आज जे होतंय तेच दुप्पट आवाजात होईल. एचपी डिलिव्हरीच्या बाजूला उपयोगी.

बोरीकाठ

गेज लावला. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असताना ५४०. उघडला की ६९० पर्यंत जातो, तिथे काटा थरथरतो आणि खडीचा आवाज सुरू होतो. मोटर बंद केल्यावर जोड कोरडे, पाझर कुठेच नाही. सकाळी पाणी भरावं लागत नाही. रिड्यूसर मधोमध निमुळता आहे.

तापीचा_उतार

मग निकाल लागला. ६९० मिमी म्हणजे ९.४ मीटर. १०.०५ मधून वजा केले तर तोंडाशी पाऊण मीटरही उरत नाही, आणि त्यातले ०.४३ वाफेचे. हवा शिरत नाहीये. मे महिन्यात हे आणखी बिघडेल: ४५ अंशाच्या उन्हात बंद पडलेला पंप आणि उघड्यावरचा पाइप तापतो, सुरुवातीचं पाणी ४० अंशाचं असेल तर वाफेचा वाटाच ०.७५ मीटर होतो. निदान पाइपावर ओलं गोणपाट टाका.

बोरीकाठ

मग सक्शन ३ इंची केलं तर जमेल?

सक्शनवाला

एकट्याने नाही. ३ इंचीत वेग १.७ वर येतो. घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने उतरतं, म्हणजे जवळपास तिसऱ्या हिश्शावर. रिड्यूसर जाईल, तीनऐवजी एकच लांब बेंड घेतला तर सगळा खर्च ०.९ मीटरमध्ये बसतो. तरी १०.०५ − ०.४३ − ७.३ − ०.९ = सुमारे १.४. पंपाला हवे तीन.

तात्पुरता मार्ग: ३ इंची सक्शन आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दाबून धार सेकंदाला ५ लिटरवर आणायची. मग शिल्लक दोन मीटरपर्यंत जाते, आणि कमी धारेला पंपाची गरजही कमी असते. आवाज बंद होईपर्यंत व्हॉल्व्ह दाबत जा, तिथे थांबा. सक्शनच्या बाजूला व्हॉल्व्ह लावून मात्र कधीही दाबू नका. पाणी कमी मिळेल, पण इम्पेलर वाचेल.

खरा इलाज पंप खाली नेणं. ३ इंची सक्शनसह १२ फूट खाली नेलात तर आजची उचल १२ फूट, म्हणजे ३.७ मीटर, शिल्लक पाच मीटर. पाणी ३० फुटांवर गेलं तरी उचल १८ फूट राहील आणि शिल्लक सव्वातीन. डिलिव्हरीला आता १२ फूट जास्त चढावं लागेल म्हणून घाबरू नका. सक्शनकडून तेवढेच कमी झाले, एकूण हेड (पाणी चढवायची उंची) तोच. मोटरवर बोजा वाढत नाही.

गाळपेर

खाली नेताना दोन लोखंडी गर्डर खडकात चांगले ९ इंच आत बसवून त्यावर पाट करा. विटांच्या कट्ट्यावर नको, कंपनाने सुटतो. सामान चेन पुलीने उतरवा, आणि उतरवताना खाली कोणी उभं राहू नये. स्टार्टर वरच राहू द्या. मोटरला अर्थिंग वेगळं घ्या, विहिरीत ओल असते. आणि पावसाळ्याआधी पंप वर काढायची तयारी ठेवा, विहीर भरली की मोटर बुडेल. हा व्याप नको असेल तर ओपनवेल सबमर्सिबल बसवा. पंपच पाण्यात असतो, वरचा सगळा सक्शनचा हिशेब संपतो. फक्त पाणी पंपाच्या खाली गेलं की मोटर बंद करणारं ड्राय-रन उपकरण स्टार्टरमध्ये घ्याच. ती मोटर पाण्यानेच थंड राहते.

बोरीकाठ

गर्डरच करतो. लाइट गेली की डिलिव्हरीत धाडकन आवाज येतो, पंप खाली नेल्यावर तो वाढेल का?

तापीचा_उतार

वाढू शकतो, धार पूर्ण येऊ लागली की पाइपातला पाण्याचा वेग वाढणार आहे. लाइट गेली की ६०० फुटांतलं पाणी आधी पुढे सरकत थांबतं, मग उलटं येतं आणि फुटव्हॉल्व्ह आपटून बंद होतो. वाहतं पाणी एकदम अडलं की उठणारी दाबाची लाट पाण्याची घनता गुणिले त्याचा वेग गुणिले त्या पाइपातला लाटेचा वेग या हिशेबाने मोजतात. ४ किलोच्या पातळ पीव्हीसीत लाट सेकंदाला २५० ते ३०० मीटरने पळते. पाण्याचा वेग १.७५ असेल आणि ते एका क्षणात अडलं तर साडेचार ते सव्वापाच किलो, शिवाय नेहमीचा दाब वेगळा. पाइप ४ किलोची आहे. एवढा पूर्ण झटका दर वेळी बसत नाही, पण जोड त्यानेच सुटतात.

पंपाच्या डिलिव्हरीवर स्प्रिंगचा एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावा. तो पाणी उलटं वळायच्या आत बंद होतो. झुलत्या झाकणाचा उशिरा बंद होतो आणि जास्त आपटतो. पण मग एक लक्षात ठेवा: एनआरव्ही आला की मोटर बंद केल्यावर डिलिव्हरीचं पाणी सक्शनवर दाबत नाही, म्हणून वर सांगितलेली पाझराची तपासणी एनआरव्ही बसवण्याआधी करून घ्या. लाइनच्या सगळ्यात उंच जागी १ इंची एअर व्हॉल्व्ह, आणि विहिरीतून वर येणारा उभा भाग पीव्हीसीऐवजी जीआय. बंद करताना हाताने करत असाल तर आधी व्हॉल्व्ह हळूहळू पाऊण दाबा, मग स्टार्टर पाडा.