शर्मनचं चिलखत खरंच पातळ होतं का?

पोलादी:
दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन या अमेरिकी रणगाड्याला ‘पत्र्याचा डबा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सुरुवातीच्या वेल्डिंगच्या एम४ची (एम४ म्हणजे शर्मनच) समोरची पाटी ५१ मिमी, पण उभ्या रेषेपासून ५६ अंश कललेली. (ए१ या उपप्रकाराचा सांगाडा ओतीव, त्याचा हिशेब वेगळा.) समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला तिथे ९१ मिमी पोलाद कापावं लागतं. जर्मन टायगर रणगाड्याची पाटी १०० मिमी आणि जवळजवळ उभी. फरक किती उरला?

खरा दोष दारूगोळ्याच्या जागेचा. गोळे ट्रॅकच्या (चाकांवरच्या साखळीपट्ट्याच्या) वरच्या कप्प्यांत, ३८ मिमीच्या उभ्या बाजूआड. तिथे गोळा घुसला की आतली माणसं होरपळायची. आधी त्या जागी बाहेरून २५ मिमीचे तुकडे वेल्ड केले. नंतर गोळे तळाशी, पाण्यानं वेढलेल्या कप्प्यांत नेले. चिलखत भेदल्यावर पेटणाऱ्या गाड्यांचं प्रमाण ६०-८० टक्क्यांवरून १०-१५ वर आलं. बाजूचा पत्रा मात्र तोच, ३८ मिमीचा.

जुना फिटर:
असहमत. हिशेब एका पाटीचा केलात. चालक आणि त्याच्या जोडीदारासमोर त्याच पाटीतून दोन फुगवटे बाहेर आलेले होते, बरेच उभे. उतार तिथेच संपतो. तोफेच्या फिरत्या बुरुजाचा उजवा गाल आतून तासलेला, कारण फिरवण्याच्या यंत्रणेला जागा हवी होती; तिथेही बाहेरून तुकडा जोडावा लागला.

आणि तुलना टायगरशीच का? जर्मनांच्याच पँथर रणगाड्याची पाटी ८० मिमी, ५५ अंशांत. तुमच्याच गणितानं १४० मिमी होते.

आतल्या पोरांना हे कळत होतं. वाळूच्या गोण्या, लाकडाचे ओंडके, ट्रॅकचे तुकडे, मिळेल ते ती पुढे बांधायची. १९४५ मध्ये अमेरिकी सेनापती पॅटननं निकामी शर्मनच्या पाट्या कापून चालत्या गाड्यांवर बसवायला लावल्या.

नकाशेवेडा:
जाड करता येत होतंच की! जम्बो हा जाड चिलखताचा शर्मन बघा: ए३ या उपप्रकाराच्या ६३.५ मिमी पाटीवर ३८ मिमीची दुसरी, तोफेभोवतीची ढाल १७८ मिमी. २६ डिसेंबर १९४४ ला बेल्जियममधल्या बॅस्टोन गावाभोवतीचा जर्मन वेढा फोडून सर्वांत आधी पोचलेला ‘कोब्रा किंग’ जम्बोच होता. पण वजन ३८ टन, वेग ताशी ३५ किमी, पुढच्या स्प्रिंगांवर भलता भार. असे फक्त २५४ बनले. प्रत्येक गाडी जहाजानं अटलांटिकपार न्यायची, मग पुलांवरून न्यायची. सगळेच शर्मन जम्बो करणं परवडलं नसतं.

पोलादी:
फुगवट्यांचं मान्य, ते मी सोडायला नको होतं. पण तेही सुधारलं. नंतरची पाटी ६३.५ मिमी, ४७ अंशांत, म्हणजे ९३ मिमी. फुगवटे गेले, वरची झाकणं मोठी झाली, पेटलेल्या गाडीतून माणूस लवकर बाहेर पडू लागला. मी हेच चांगल्या रचनेचं लक्षण मानतो.

जुना फिटर:
झाकणांबद्दल शंभर टक्के सहमत, त्यांनी जीव वाचवले. चिलखताचं काय? १९४२ ते १९४४, दोन वर्षांत ९१ चे ९३ झाले. तेवढ्यात समोर पँथरची लांब तोफ येऊन उभी राहिली.